थोडंसं खाल्लं तर काय होतं?

आई ॲलर्जिक, मुलंही ॲलर्जिक, घर शहापूरला आणि सासर मुरबाड तालुक्यात. 'नो लिस्ट' सांभाळत मुलं वाढवायची, तीही मुलांना भित्रं न बनवता. जमतं का? जमतं की!

'मला ना, मंडेची ॲलर्जी आहे.' 'मला आमच्या बॉसच्या मेल्सची!' ऑफिसच्या कँटीनमध्ये हा डायलॉग दिवसातून चार वेळा तरी ऐकू येतो. आवडत नाही ते सगळं 'ॲलर्जी' या एका खात्यात टाकून आपण मोकळे होतो. १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने हा शब्द घडवला, तेव्हा त्याच्या डोक्यात सोमवार नक्कीच नव्हता. शरीर एखाद्या साध्या गोष्टीला शत्रू समजून भलतीच प्रतिक्रिया देतं, ते त्याला सांगायचं होतं.

आमच्या घरात हा शब्द जपून वापरतात, कारण आमच्याकडे तो खराखुरा आहे. मला कोळंबी आणि खेकडे चालत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. सात वर्षांच्या मुलाला अंडं चालत नव्हतं, आता चालतं. नवरा दगडसुद्धा पचवतो, त्यामुळे तो आमचा ऑफिशियल टेस्टर!

मी रोज आसनगावहून लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाते. शनिवार-रविवार आला की किन्हवलीमार्गे सरळगाव, आणि तिथून पुढे सासरी. म्हणजे आठवडाभर पॅकेटवरची लेबलं वाचायची आणि विकेंडला लेबल नावाचा प्रकारच नसलेल्या जगात मुलांना जेवू घालायचं. पॉप अप खिडकीसारखी सूचना देणारं तिथे कुणी नसतं.

'पित्त उठलंय गं, आमसूल लाव'

आपल्याकडे ॲलर्जी नाही असं म्हणणाऱ्यांनी जरा आपली भाषा आठवावी. अंगावर गांधी आल्या, खाज सुटली की आपण म्हणतो, 'पित्त उठलं.' मग आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचं आणि झोपायचं. माझं अख्खं लहानपण या आमसुलात गेलं. जवळ्याची चटणी झाली की मला पित्त उठायचं. सुकटीचं कालवण झालं की पित्त. सोडे घातलेली वांगी झाली की पित्त. जवळा, करंदी, सुकट, सोडे ही सगळी एकाच कोळंबीची भावंडं, हे पित्ताच्या नावाखाली कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. बोंबील मात्र मी मजेत खायचे. आता कळतं की माशातलं ॲलर्जी आणणारं मुख्य प्रथिन वेगळं आणि कोळंबी-खेकड्यातलं वेगळं. कोळंबीतल्या प्रथिनाला ट्रोपोमायोसिन म्हणतात. त्याचे नातेवाईक घरातल्या धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही असतात. शिजताना उठणाऱ्या वाफेतूनही ते काहींना त्रास देतं. मी त्या 'काहीं'पैकी एक आहे.

नुसत्या गांधी उठल्या तर आमसुलाने गार वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण गांधींच्या जोडीला आवाज बसला, श्वासाला शिट्टी लागली, सारख्या उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर ते पित्त नाही. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तिथे आमसूल नाही, खाजेची गोळी नाही, लिंबू सरबत नाही. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत आणि ताबडतोब. खाजेची गोळी खाज थांबवते, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाही. हा एवढा फरक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, सासूबाईंपासून रिक्षावाल्या दादापर्यंत.

वारसाहक्काची गंमत

मला कोळंबी, मग मुलीला शेंगदाणा कसा? हा प्रश्न मला आजवर प्रत्येक हळदीकुंकवात विचारला गेलाय. उत्तर सोपं आहे. आईबाप मुलाला ॲलर्जीची प्रवृत्ती देतात, ॲलर्जीची यादी देत नाहीत. कुणाला दमा, कुणाला एक्झिमा, कुणाला सर्दी, कुणाला शेंगदाणा. नाक आईसारखं आलं म्हणून चष्म्याचा नंबरही तोच यायला हवा असं थोडंच आहे?

आता इथेच ॲलर्जिक आईची खरी परीक्षा असते. माझ्या शरीराला माहीत आहे की घसा आवळतो तेव्हा कसं वाटतं. त्यामुळे माझ्यासाठी कोळंबी हा खाण्याचा पदार्थच राहिलेला नाही, तो धोका आहे. मग माझ्या मुलांनाही तो द्यायचाच कशाला? आणि त्यासोबत अंडं, दाणे, तीळ, काजू... कशाला विषाची परीक्षा? मन असं म्हणतं. विज्ञान नेमकं उलटं म्हणतं.

२००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला होता की ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने एक मजेशीर तुलना छापली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट जास्त होती. इस्रायलची बाळं शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतच मोठी होतात! मग त्यांनी ६४० बाळांवर प्रयोग केला. सगळी चार ते अकरा महिन्यांची, तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाणा द्यायचा, निम्म्यांना पाच वर्षं अजिबात नाही. निकाल २०१५ मध्ये आले. सुरुवातीला त्वचेची चाचणी निगेटिव्ह असलेल्या बाळांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्यांत १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत फक्त १.९ टक्के.

म्हणजे काय? तर आईच्या भीतीपोटी टाळलेला घास कधीकधी उलटा फिरतो. (बाळाला तीव्र एक्झिमा असेल तर आधी डॉक्टर, मग शेंगदाणा. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा कधीच नाही, तो घशात अडकतो. बारीक कूट पेजेत नीट मिसळून द्यायचं.)

लाडवाचा तुकडा

माझी मुलगी दीड वर्षांची असताना सासरी तिला दाण्याच्या लाडवाचा तुकडा मिळाला. आजीच्या हातचा, प्रेमाचा. पाच मिनिटांत ओठ सुजले, मग उलटी, मग रडण्याचा आवाजच घोगरा झाला. माझ्या पोटात गोळा आला, कारण तो आवाज मी ओळखत होते. माझ्याच गळ्यातून तो एकदा आला होता. आम्ही तिला उचलून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत तिचा आवाज परत आला. पुढे १०८ च्या ॲम्ब्युलन्सने मोठ्या रुग्णालयात, रात्रभर देखरेखीखाली, कारण ही रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उलटू शकते.

खेड्यात ॲड्रेनलिन कुठून मिळणार, असं शहरातले मित्र विचारतात. अहो, हा सापांचा मुलूख आहे! सर्पदंशावरची लस देताना रुग्णाला रिॲक्शन येऊ शकते, म्हणून तिच्या शेजारी ॲड्रेनलिन लागतंच. बाळांच्या लसीकरणाच्या सत्रातही त्याचं किट ठेवतात. औषध तसं जुनं आणि स्वस्त. प्रश्न औषधाचा कमी आणि अंतराचा जास्त. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पण माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून किंवा डोळखांबच्या पुढच्या वाडीतून तिथे पोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, ते तिथल्या माणसालाच विचारा. म्हणून आमच्या डॉक्टरांनी आम्हाला ॲम्प्यूल, सिरिंज आणि वजनानुसार डोस लिहून दिलाय. आम्हा दोघांना टोचायला शिकवलंय. ती पेटी मुलीसोबत फिरते. उन्हात तापलेल्या गाडीत ती कधीच राहत नाही, कारण उष्णतेने औषध खराब होतं. ते रंगहीन असतं. गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की बदलायचं.

यादी छोटी, पण पक्की

त्या प्रसंगानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. शेंगदाणा हा शेंगवर्गातला, म्हणून तूर, मूग, चवळी सगळं बंद करा. मुरबाडला येऊन वाल बंद? भात निघाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर जो वाल होतो, त्याच्या बिरड्याशिवाय आमच्याकडे सण होत नाही. ॲलर्जीतज्ज्ञांनी शांतपणे सांगितलं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं इतर डाळी-कडधान्यं आरामात खातात. तिला वाल चालतोय ना? मग चालू द्या.

आणि ते दीडशे-दोनशे पदार्थांचे 'फूड इंटॉलरन्स' पॅनल? हल्ली आपल्या वयाचे कितीतरी जण हौसेने करून घेतात. त्यात आयजीजी मोजतात. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे बहुधा तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच. ॲलर्जी ओळखायला ही चाचणी वापरू नका, असं युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी केव्हाच सांगितलंय. खरी आयजीई चाचणीसुद्धा एकटी पुरत नाही. कर्नाटकात बेंगळुरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध संवेदनशीलता सापडली. खरी ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र १.२ टक्के लोकांतच! नुसत्या रिपोर्टवर घास बंद केले तर उरलेले पंचवीस टक्के लोक विनाकारण उपाशी राहतील.

आमच्या भागात तर हे फारच महत्त्वाचं. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांत कुपोषण हा पेपरातला शब्द नाही, शेजारच्या घरातली गोष्ट आहे. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू झाली. आधी गरोदर आणि स्तनदा मातांसाठी, मग २०१६ पासून अंगणवाडीतल्या बालकांनाही अंडं किंवा केळी मिळू लागली. अशा ठिकाणी 'याला ॲलर्जी असेल बहुतेक' म्हणून मुलाचं अंडं काढून घेणं ही छोटी गोष्ट नाही. ॲलर्जी असेल तर ती नीट ठरवा. नसेल तर अंडं खाऊ द्या.

माझ्या मुलाचं अंडं आम्ही असंच परत मिळवलं. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वयानुसार जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच. पाच वर्षांचा झाल्यावर रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, चिमूटभरापासून सुरुवात करून त्याला अख्खं अंडं खायला दिलं. काही झालं नाही! घरी ट्रायल मात्र कुणी घेऊ नये. तो दिवस आम्ही वाढदिवसासारखा साजरा केला. अर्थातच केक कापून!

लेबल नाही, पण मावशी आहे

पॅकेटबंद खाण्यावर ॲलर्जीची सूचना हवी, असं एफएसएसएआयचे २०२० चे नियम सांगतात. ग्लूटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा-काजू-बदाम, सोयाबीन आणि सल्फाइट एवढ्यांची नावं त्यात आहेत. तीळ नाही. अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने तिळाला यादीत घेतलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते लागू केलं. संक्रांतीचा देश आपला, आणि तीळ यादीत त्यांच्या!

पण खरं सांगू? आठवडी बाजारात लेबल नसलं तरी पदार्थ करणारी मावशी समोर बसलेली असते. मॉलमधल्या पॅकेटला प्रश्न विचारता येत नाही, मावशीला येतो. फक्त प्रश्न बरोबर हवा. 'यात शेंगदाणे आहेत का?' असं विचारलं तर 'नाही बाई' हेच उत्तर येणार, कारण कूट म्हणजे तिच्या लेखी शेंगदाणा नव्हेच, तो मसाला! म्हणून विचारायचं, 'मावशी, यात काय काय घातलंय?' मग खुरासणीच्या चटणीत दाण्याचं कूट निघतं, तिळगुळात कूट निघतं, भरल्या वांग्यात तर असतंच. सगळ्यात धोक्याचा दिवस कुठला माहितेय? उपवासाचा! वरईचा भात, साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी... एकादशीला आमच्या मुलीचा डबा घरून.

तेलाचंही तसंच. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात उरू शकतं. आपण हेल्दी म्हणून घाण्याचं तेल आणतो, आमच्या लेकीला ते वर्ज्य.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, मिठाईची पालं. तिथे एकाच कढईत, एकाच झाऱ्याने सगळं तळलं जातं. म्हणून जत्रेत लेकीचा नियम साधा. पाळण्यात कितीही वेळा बस, खाणं मात्र आपल्या डब्यातलं. ती कुरकुरते का? कुरकुरते. पण पाळण्यात बसल्यावर विसरते.

बॉक्स : विकेंडला माहुली किंवा माळशेजला निघालात?

• ग्रुपमध्ये कुणाला ॲलर्जी आहे, हे निघण्याआधी विचारा. फार्महाऊसवर पोचल्यावर नको.
• जेवण सांगताना पदार्थाचं नाव नको, त्यातल्या जिनसा विचारा. कूट, वाटण, तेल, सुकट, सगळं.
• १०८ ही ॲम्ब्युलन्स सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. मोबाइलला रेंज कुठपर्यंत आहे ते बघून ठेवा.
• शेंगदाणा खाल्ल्यावर हात साबणाने धुवा. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन काढत नाही.
• रिॲक्शन आली तर आधी ॲड्रेनलिन, मग फोन. माणसाला आडवं ठेवा, पाय वर. श्वास लागत असेल तर बसू द्या. अचानक उभं करू नका, चालवू नका.

खेकड्यांची रात्र

पहिला पाऊस पडला की सासरी पोरं बॅटऱ्या घेऊन ओढ्यावर जातात. खेकडे! त्या रात्री अंगणातल्या चुलीवर रस्सा होतो. मी आत, दार लावून. माझा मुलगा बाहेर, बाबाच्या मांडीला मांडी लावून नांगी फोडत बसतो. हो, माझा मुलगा. तो खेकडा खातो, अगदी मिटक्या मारत. माझी ॲलर्जी हे त्याला न देण्याचं कारण होऊ शकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्यांदा बाबाने त्याला अगदी थोडं दिलं आणि दोन तास नजर ठेवली. मी आत देव पाण्यात घालून! आता नियम ठरलेत. हात-तोंड साबणाने, दात घासायचे, कपडे बदलायचे आणि मगच आईच्या कुशीत.

दाराच्या फटीतून मला त्याचं हसू ऐकू येतं. सोपं जातं असं म्हणणार नाही. पण माझी यादी माझी आहे आणि त्याची त्याची. माझ्याकडून त्यांनी सावधपणा घ्यावा, भीती नको.

लेकीने तो घेतलाय. लहान असताना ती 'जिभेला मुंग्या चावतायत' असं सांगायची. मुलं असंच सांगतात, 'घशात केस अडकलाय', 'गोड पण तिखट लागतंय'. मी त्यावर कधी हसले नाही, कारण मलाही तसंच होतं. आता ती स्वतःच विचारते. मुरबाडच्या बाजारात, वर्गातल्या वाढदिवसाला, देवळात प्रसाद घेताना. प्रसाद हातात घेते, कपाळाला लावते आणि भावाला देते. देव रागावलेला नाही अजून.

आणि सासूबाई? त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी मोठ्या मराठी अक्षरांत कागद लावलाय : काय चालत नाही, काय झालं तर काय करायचं, पेटी कुठे आहे. गेल्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकू चिक्की पुढे करून लेकीला म्हणाल्या, 'घे गं, थोडंसं खाल्लं तर काय होतं?' मी तोंड उघडायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, 'काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. तिला केळं द्या.'